पीनट बटर केक कधी मध्येच बसतो, कधी कोरडा पडतो आणि फ्रॉस्टिंग तेल सोडतं : कारणं आणि उपाय

माझ्या भाच्याला चॉकलेटपेक्षा दाण्याची चव जास्त आवडते. चिक्की, दाण्याचे लाडू, भरपूर कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, काहीही द्या. म्हणून त्याच्या वाढदिवसाला पीनट बटर केक करायचं ठरलं. पहिला केक मध्यभागी वाटीसारखा खचला आणि खालचा बटर पेपर तेलानं चिंब झाला. चार दिवसांनी त्याच बरणीतलं पीनट बटर घेऊन, त्याच कृतीनं, त्याच भांड्यात पुन्हा केला, तर तो इतका कोरडा झाला की सुरी लावल्याबरोबर चुरा व्हायला लागला. तिसऱ्या वेळी केक ठीक जमला, पण वरचं फ्रॉस्टिंग दाणेदार होऊन कडेनं तेल गळायला लागलं.

मी बराच काळ ओव्हनला दोष देत होते. कृती बदलून पाहिली, अंडी बदलून पाहिली, मैदा बदलून पाहिला. नंतर हाच केक करणाऱ्या मैत्रिणींशी आणि नात्यातल्या बायकांशी बोलले, तर जवळजवळ सगळ्यांच्या तक्रारी याच तीन. आज माझा केक दर वेळी एकसारखा होतो. त्यासाठी काय काय तपासावं लागलं ते सगळं इथे लिहिते आहे.

नावात बटर आहे म्हणून फसगत होते

पीनट बटरला आपण मनातल्या मनात लोण्याच्या रांगेत बसवतो. कृतीत बटर १५० ग्रॅम असेल तर त्यातलं १०० ग्रॅम काढून तेवढंच पीनट बटर घालून मोकळे होतो. इथेच गाडी रुळावरून उतरते.

विकतच्या बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो आणि १५-१६ टक्के पाणी. शेंगदाण्यात जेमतेम निम्मं तेल असतं. सुमारे पाव भाग प्रथिनं, आणि उरलेल्यात पिष्टमय पदार्थ आणि तंतू. पाणी जवळपास नाहीच, कारण दाणे भाजलेले असतात. म्हणजे १०० ग्रॅम बटर काढून १०० ग्रॅम पीनट बटर घातलं की ३० ग्रॅम स्निग्धांश कमी झाला, १५ ग्रॅम पाणी गेलं, आणि वर ४५-५० ग्रॅम कोरडं पीठ मिश्रणात आलं. हे पीठ कृतीत कुठेच मोजलेलं नसतं.

शिवाय ते पीठ पाणी पितं, आणि हे मराठी स्वयंपाकघरात वेगळं सांगायला नको. उपवासाची दाण्याची आमटी सकाळी छान पळीवाढी असते आणि दुपारी पाहावं तर चमचा उभा राहील इतकी दाट. रस्सा पातळ झाला की आपण मूठभर कूट घालतो, तो लगेच मिळून येतो. केकच्या मिश्रणातही दाणा हेच काम करतो. भांड्यात ओतताना मिश्रण बरोबर वाटतं, पण ओव्हनमध्ये पहिली दहा मिनिटं जाईपर्यंत दाण्यानं आपल्या वाटणीचं दूध ओढून घेतलेलं असतं.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच. पीनट बटर म्हणजे निम्मं तेल आणि निम्मं पीठ, असा हिशेब मनाशी बांधला की पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप उलगडतात.

बरणी ढवळली होती का?

एकाच बरणीतून एक केक तेलकट आणि दुसरा कोरडा का झाला, याचं उत्तर बरणीतच होतं. नुसते दाणे आणि मीठ असलेलं पीनट बटर ठेवल्या जागी वेगळं होतं. तेल वर येतं, गर खाली बसतो. पहिल्या केकला मी वरचं पातळ, सहज चमच्यात येणारं बटर घेतलं होतं, म्हणजे बहुतांश तेलच. दुसऱ्याला तळाचा घट्ट गोळा खरवडून काढला होता. वजनकाट्यावर दोन्ही वेळा १२० ग्रॅमच भरले, पण पदार्थ मात्र दोन वेगळे होते.

उपाय सोपा आहे, पण कंटाळा करून चालत नाही. आदल्या रात्री बरणी घट्ट बंद करून उलटी ठेवा. सकाळी बरणी कोमट पाण्यात दहा मिनिटं उभी करा आणि लांब दांड्याच्या चमच्यानं अगदी तळापासून ढवळा. बरणी लहान असेल आणि ढवळता येत नसेल तर सगळं एका पातेल्यात काढून रवीनं एकजीव करा आणि पुन्हा भरा. एकदा नीट मिसळल्यावर फ्रिजमध्ये ठेवलं की तेल लवकर वेगळं होत नाही.

बाजारात दुसऱ्या प्रकारचं पीनट बटर मिळतं, जे महिनोन् महिने एकसारखं गुळगुळीत राहतं. अमेरिकेत १९२० च्या दशकात जोसेफ रोझफील्ड यांनी थोड्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते सामान्य तापमानाला घट्ट राहील अशी पद्धत आणली, आणि तेव्हापासून न फुटणारं पीनट बटर रुळलं. आता त्यासाठी बरेचदा पाम तेल किंवा पूर्ण हायड्रोजनेटेड तेल वापरतात. डब्यामागे घटकांची यादी वाचलीत तर लगेच कळतं. त्यात बरेचदा साखरही असते. तेव्हा असं गोड बटर वापरत असाल तर केकमधली साखर दोन चमचे कमी करा.

माझा अनुभव असा की केकच्या आत दोन्ही चालतात, घरचं तर जास्तच चवदार लागतं. फ्रॉस्टिंगला मात्र न फुटणारं विकतचं घेतलेलं बरं. त्याचं कारण पुढे येईल.

घरी केलेलं पीनट बटर बिघडतं ते भाजण्यात

पुण्याच्या मार्केट यार्डात शेंगदाणा घ्यायला गेलात तर जाडा, घुंगरू, स्पॅनिश अशी नावं ऐकू येतात. दाणा कोणताही घ्या, पण आधी चार दाणे तोंडात टाकून पाहा. एक जरी खवट लागला तरी ते पोतं नको. खवटपणा भाजल्यानं जात नाही आणि साखरेखाली लपतही नाही. केक गार झाल्यावर तो जिभेच्या मागे घट्ट बसतो. सुरकुतलेले, काळे पडलेले, बुरशीचा वास येणारे दाणे तर निवडून फेकूनच द्या. दाण्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं आणि घरच्या भाजण्याच्या आचेवर ते नष्ट होत नाही. लहान मुलांसाठी केक करताना इथे दोन रुपये वाचवू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

भाजायला जाड बुडाची कढई, मंद आच आणि सतत हलवणं. पाव किलो दाण्यांना १२ ते १५ मिनिटं सहज लागतात. मोठ्या आचेवर सालीला डाग पडतात आणि दाणा आतून कच्चा राहतो. कच्चा दाणा मिक्सरमध्ये सहज तेल सोडत नाही आणि केकला हिरवट वास येतो. साल चोळल्यावर सुटली आणि आतला दाणा फिक्या बदामी रंगाचा दिसला की गॅस बंद. कढई गरम असते, तिच्यातच ठेवले तर रंग पुढे जातो, म्हणून लगेच परातीत पसरा. गार झाल्यावर चोळून सुपात पाखडा. साल थोडी राहिली तर चालतं, पण सगळीच ठेवली तर केकला तुरटपणा येतो.

मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात पाव किलोपेक्षा जास्त घेऊ नका. आधी कूट होतं, मग ते ओलसर होऊन भांड्याच्या कडेला चिकटतं, मग त्याचा गोळा फिरायला लागतो. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि ते पीनट बटर नसतं. चमच्यानं कडा सोडवा, दोन मिनिटं मिक्सरला विसावा द्या, पुन्हा फिरवा. असं तीन-चारदा केलं की तो गोळा एकदम सैल पडतो आणि चमकायला लागतो. चमच्यातून इडलीच्या पिठासारखं सरसर पडलं की झालं. मिक्सर लहान असेल आणि तिथवर जात नसेल तर १०० ग्रॅम दाण्यांना एक छोटा चमचा शेंगदाणा तेल घाला. घाण्याचं असेल तर वासही छान येतो. पाणी किंवा दूध मात्र थेंबभरही नको.

कूट वापरून केक होतो का, असं पुष्कळ जणी विचारतात. होतो, पण तो वेगळा केक आहे, रवाळ आणि जड. पीनट बटरच्या जागी तेवढंच कूट घालू नका. घालायचंच असेल तर १०० ग्रॅम कुटाला २ मोठे चमचे तेल आणि २ मोठे चमचे दूध वाढवा, आणि मिश्रण १५ मिनिटं भिजू द्या.

माझं आत्ताचं प्रमाण

८ इंची गोल भांडं, उंची किमान २ इंच. मैदा १८० ग्रॅम, साखर १९० ग्रॅम, बटर ७० ग्रॅम, नीट ढवळलेलं पीनट बटर १२० ग्रॅम, २ अंडी, घट्ट ताक १८० मिली, बेकिंग पावडर १ सपाट चमचा, खायचा सोडा पाव चमचा, व्हॅनिला १ चमचा. चमचा म्हणजे मोजायचा ५ मिलीचा, चहाचा नव्हे. ताक म्हणजे जेवणातलं पाणीदार ताक नाही. १०० ग्रॅम दही आणि ८० मिली पाणी घुसळून घ्यायचं.

साखरेऐवजी निम्मा गूळ घातला तर केक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही ओलसर राहतो, कारण गूळ ओल धरून ठेवतो. दाणा आणि गूळ ही जोडी तर आपल्याकडे लोणावळ्याच्या चिक्कीपासून संक्रांतीच्या वड्यांपर्यंत सगळीकडे आहे. गूळ बारीक किसून ताकात विरघळवून गाळून घ्या, खडे राहिले तर केकमध्ये काळे चिकट ठिपके दिसतात.

बटर आणि साखर आधी फेटा, रंग फिका होईपर्यंत. मग पीनट बटर. मग एकेक अंडं. इथपर्यंत हँड बीटर हवा तेवढा चालवा. त्यानंतर चाळलेला मैदा आणि ताक आलटून पालटून, तीन भागांत, हातानं. पीनट बटरचं मिश्रण घट्ट असतं म्हणून आपण जोर लावून फेटत राहतो, आणि मैद्याला चिवटपणा येतो. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा. मिश्रण चमच्यातून एका धारेत न पडता तुकड्यातुकड्यानं, धपकन पडत असेल तर आणखी दोन चमचे ताक घाला. दर वेळचा दाणा वेगळा असतो, म्हणून ही शेवटची तपासणी मी कधीच वगळत नाही.

ओव्हन १७० अंशांवर १५ मिनिटं आधी तापवलेला, केक मधल्या कप्प्यात, ३५ ते ४० मिनिटं.

मध्ये खचला असेल तर कापून पाहा

केक खचला की आपण हळहळतो आणि फ्रॉस्टिंगनं खड्डा बुजवतो. तसं करण्याआधी मधोमध कापून आतलं रूप नीट पाहा. बिघाड कुठे झाला ते तिथेच दिसतं.

खड्ड्याखालचा भाग ओला, चिकट, बोटाला लागणारा असेल तर केक कच्चा काढला आहे. पीनट बटरच्या केकमध्ये हे सगळ्यात जास्त घडतं, कारण दाण्यातली प्रथिनं आणि साखर मिळून वरचा थर लवकर तांबूस होतो. २५ मिनिटांतच वरून इतका सुरेख रंग येतो की वाटतं झालाच. २० मिनिटांनी वर फॉइल सैल टाका, किंवा ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, वरचा रॉड बंद करता येत असेल तर बंद करा. सुरी खुपसून पाहण्यावर इथे पूर्ण भरवसा ठेवू नका. दाण्याचं तेल सुरीला लागतंच, मग ओलं काय आणि तेल काय ते कळत नाही. मध्यभागी बोटानं हलकं दाबा, खळगा परत वर आला पाहिजे, आणि केकनं भांड्याची कड सोडलेली असली पाहिजे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९६ ते ९८ अंश.

आतला भाग शिजलेला आहे, पण मोठमोठी भोकं आहेत आणि जाळी विस्कटलेली आहे, असं दिसलं तर सोडा किंवा बेकिंग पावडर जास्त झाली. 'मिश्रण जड आहे, जरा जास्तच घालू' हा मोह फार होतो. जास्तीच्या वायूचे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, केक झरझर वर येतो, आणि कड धरायच्या आत ते फुटतात. चमचा सुरीनं सपाट करूनच मोजा. पाव चमच्याची आणि अर्ध्या चमच्याची गल्लत एवढ्यासाठीही पुरेशी आहे, शिवाय सोडा जास्त झाला की साबणासारखी चव येते.

आणि तळाशी किंवा मध्ये एक गडद, चकचकीत, तेलकट पट्टा दिसला तर बरणी ढवळलेली नव्हती. माझा पहिला केक असाच होता.

ओव्हनचं दार पहिल्या २५ मिनिटांत उघडू नका. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी मुलं काचेतून डोकावतात आणि दार उघडलं जातं. आणखी एक, ओटीजीची चकती १७० दाखवते म्हणून आत १७० असतीलच असं नाही. आत टांगायचा छोटा ओव्हन थर्मामीटर आणल्यावर मला कळलं की माझा ओटीजी २० अंश जास्त तापतो. तोवर मी कितीतरी कृतींना नावं ठेवली होती.

कुकरमध्ये करणाऱ्यांसाठी एवढंच, की शिट्टी आणि रिंग काढलेली, तळाशी मीठ, आच मंद. सगळी उष्णता खालून येते म्हणून भांड्याखाली उंच स्टँड ठेवा, नाहीतर दाण्यामुळे तळ करपतो आणि वरचा भाग पांढरा राहतो.

कोरडा, ठिसूळ, घशात अडकणारा

याचं मुख्य कारण वर आलंच आहे. दाण्याला पाणी कमी पडलं. पण एक दुसरं कारण मला उशिरा सापडलं, ते म्हणजे वाटीनं मैदा मोजणं. डब्यात वाटी दाबून भरली तर १५० ग्रॅमसुद्धा बसतो आणि हलक्या हातानं भरली तर १२०. या ३० ग्रॅममध्ये दाण्याचं पीठ मिळवलं की केक कोरडा होणारच. पीनट बटरचंही तसंच. ते वाटीला चिकटून राहतं, आत पोकळी राहते, मोजमाप कधीच नेमकं येत नाही. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा घेतल्यापासून माझे निम्मे केक वाचले आहेत.

अंड्याशिवाय करत असाल तर पीनट बटर ८० ग्रॅमवर आणा. अंडं पाणीही देतं आणि केक बांधूनही ठेवतं, ते नसताना १२० ग्रॅम दाण्याचा भार केक पेलत नाही, कापताना ढासळतो. दोन अंड्यांऐवजी १०० ग्रॅम दही घ्या, ताकाच्या जागी दूध वापरा आणि सोडा थोडा वाढवून पाव चमच्याच्या किंचित वर ठेवा.

कोरडा झालेला केक वाचवता येतो. अर्धी वाटी पाण्यात दोन मोठे चमचे गूळ विरघळवून एक उकळी आणा, गाळा, कोमट असताना केकला काट्यानं टोचे मारून ब्रशनं थोडं थोडं पाजा. झाकून तासभर ठेवा. घाईनं सगळं एकदम ओतलं तर वरचा थर लगदा होतो आणि आतला भाग कोरडाच राहतो.

फ्रॉस्टिंग : इथे खरी परीक्षा

माझं प्रमाण १०० ग्रॅम बटर, १२० ग्रॅम पीनट बटर, १५० ग्रॅम आयसिंग शुगर आणि २ ते ४ मोठे चमचे दूध. आपल्याकडे मिळणारं नेहमीचं बटर खारं असतं. दाण्याला खारटपणा शोभतो, पण पीनट बटरही खारं असेल तर दोन्ही मिळून जास्त होतं. दोन्हींपैकी एक बिनमिठाचं घ्या.

तेल सुटणं ही उन्हाळ्यातली तक्रार. भाच्याचा वाढदिवस एप्रिलअखेरीस येतो, आणि तेव्हा पुण्यात दुपारी माझ्या ओट्यावर बटर तासाभरात पाणी होतं. फेटून हवा धरून ठेवायला बटर २० अंशांच्या आसपास हवं, बोट दाबलं तर खळगा पडेल पण बोट आत घसरणार नाही इतकं. त्याहून गरम झालं की ते हवा सोडतं. आणि दाण्याचं तेल तर सामान्य तापमानाला पातळच असतं. बटर ढिलं पडलं की त्या तेलाला धरून ठेवणारं कोणी उरत नाही, ते कडेनं बाहेर येतं. घरचं पीनट बटर फ्रॉस्टिंगला नको म्हटलं ते एवढ्यासाठीच. विकतच्या न फुटणाऱ्या बटरमधलं घट्ट तेल ही जबाबदारी थोडी उचलतं.

तेल सुटलेलं फ्रॉस्टिंग फेकू नका आणि त्यात आणखी साखरही ओतू नका. भांडं फ्रिजमध्ये १५ मिनिटं ठेवा, कडा घट्ट व्हायला लागल्या की बाहेर काढून पुन्हा फेटा. बहुतेक वेळा एकाच फेरीत जमतं, नाहीतर दुसऱ्या फेरीत. उन्हाळ्यात मी हे काम सकाळी सातच्या आत उरकते आणि फेटायचं भांडंही आधी गार करून घेते.

थंडीत बरोबर उलटं होतं. फ्रिजमधलं दूध किंवा कडक बटर घातलं की मिश्रण फाटलेल्या पनीरसारखं दिसतं. तेव्हा भांडं कोमट पाण्याच्या पातेल्यावर दहा-पंधरा सेकंद धरा आणि फेटत राहा. कडा वितळताच काढा.

आता ती गोष्ट, जिनं मला सगळ्यात जास्त छळलं. फ्रॉस्टिंग जरा घट्ट वाटलं म्हणून एक चमचा दूध घातलं, तर सैल व्हायच्या ऐवजी ते भिंतीला भरायच्या लांबीसारखं आवळलं. घाबरून मी आणखी साखर, आणखी बटर घालत गेले. खरं तर तेव्हा आणखी दूधच घालायला हवं होतं. पीनट बटरमध्ये दाण्याचे कण तेलात तरंगत असतात. थोडंसं पाणी आलं की ते कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात, म्हणून सगळं आकसतं. पुरेसं पाणी मिळालं की ते पुन्हा सुटे होतात. आमटीला पहिल्या पळीभर पाण्यानं काही होत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या पळीला ती सरसरीत होते, तसंच. कोमट दूध एकेक चमचा घाला, प्रत्येक चमच्यानंतर चांगलं फेटा. पहिल्या चमच्याला बिघडल्यासारखं वाटेल, तिसऱ्याला ते रेशमासारखं होईल.

दाताखाली कचकच लागत असेल तर साखर दोषी. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये थोडं कॉर्नफ्लोअर असतं आणि ती अगदी बारीक असते. घरी मिक्सरवर दळलेली साखर कितीही फिरवली तरी कण उरतात. बारीक चाळणीतून दोनदा चाळा आणि १०० ग्रॅमला एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर मिसळा.

क्रीमचं हलकं फ्रॉस्टिंग हवं असेल तर टेट्रापॅकमधलं २५ टक्के स्निग्धांशाचं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. त्यावर वेळ घालवू नका, व्हिपिंग क्रीमच लागतं. आणि फेटलेल्या क्रीममध्ये पीनट बटरचा गोळा थेट टाकला तर त्याच्या वजनानं क्रीम बसतं. आधी दोन-तीन चमचे न फेटलेलं क्रीम घालून पीनट बटर सैल करा, मग ते फेटलेल्या क्रीममध्ये उलथन्यानं हलक्या हातानं मिसळा.

केक पूर्ण गार झाल्याशिवाय यातलं काहीही वर लावायचं नाही. हाताला गार लागला तरी आत ऊब असते. मी दोन तास ठेवते, मग अर्धा तास फ्रिजमध्ये. आधी अगदी पातळ थर देऊन सुटा चुरा बांधून घ्या, २० मिनिटं गार करा, मग जाड थर द्या. आयत्या वेळी फ्रिजमधून काढलेला केक दगडासारखा लागतो, खायच्या आधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढा. मेमध्ये वीस मिनिटं पुरतात.

शाळेत किंवा दुसऱ्यांच्या घरी हा केक नेणार असाल तर आधी विचारून घ्या. काही मुलांना दाण्याची ॲलर्जी असते आणि ती जीवावर बेतू शकते. केक झाकलेला असला की आत दाणा आहे हे दिसत नाही, म्हणून डब्यावर ठळक लिहा.

आणि इतकं करूनही एखादा केक हाताबाहेर गेलाच, तर तो कुस्करून परातीत घ्या. उरलेलं किंवा फाटलेलं फ्रॉस्टिंग त्यात चमच्या-चमच्यानं मिसळत जा. मुठीत दाबल्यावर आकार धरला की लाडू वळा आणि भरड कुटात घोळवा. फ्रिजमध्ये आठवडाभर चांगले राहतात. भाच्याला तर आता केकच्या बरोबरीनं हे लाडूही हवे असतात, म्हणून मी मुद्दाम थोडं मिश्रण जास्तीचं करून वेगळ्या छोट्या भांड्यात भाजते.